घोंगडीला पाणी लावत नाहीत

दादा,

आधी ‘तीर्थरूप’ असा मायना घातला होता, तो खोडला. तुझ्यावर एवढा राग असताना तो शब्द लिहिणं म्हणजे सोंग झालं असतं. नुसतं दादा पुरे.

तुला जाऊन पाच वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत तुला चार ओळी लिहाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही, खरं सांगते. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की त्या दिवसापाशी यावं लागतं, आणि तिथं यायची माझी तयारी नव्हती. पण काल हौसा वहिनीचं पत्र आलं. तुझ्या बायकोचं. आठवते ना तुला ती?

चौथी शिकलेली बाई. अक्षरं एकमेकांना ढकलत खाली उतरलेली. पाकिटावर ‘डाक्टर सुमनताई’ आणि खाली कॉलेजचं नाव, तेवढ्यावर पोस्टमननं शोधून आणून दिलं. मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं, मी टेबलाशी उभ्या उभ्याच वाचलं. वाचून संपलं तेव्हा समोरची मुलगी विचारत होती, “मॅडम, धुऊ का?” मी पत्र घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवलं.

तिचा प्रश्न साधा होता. मी काय काम करते ते तुला माहीत नाही, म्हणून तुला तो कळणार नाही. तू गेलास तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. पुढं पास झाले आणि आता सांगलीच्या त्याच कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. पेशंट तपासत नाही. आमच्याकडं काचेच्या नळीत, कोमट मिठाच्या पाण्यात, सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा लटकवलेला असतो. त्याला दोरा बांधलेला, दोऱ्याला काडी, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमला टेकलेलं. पाण्यात औषधाचा थेंब टाकला की आतडं आकसतं, काडी वर जाते आणि काजळीवर पांढरी रेघ चढते. मग नळीतलं पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं, पुन्हा सोडायचं. आतडं सैल पडलं की मगच पुढचा थेंब. आमचं निम्मं काम धुण्याचंच असतं. नीट धुतलं नाही तर आधीचं औषध आत राहतं आणि पुढचं सगळं खोटं येतं. हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला सांगते, अगदी ठासून. आणि प्रत्येक वेळी ते सांगताना मी मुलांच्या तोंडाकडं बघत नाही.

मला कॉलेजात सोडायला तू आला होतास, ते आधी लिहिते. नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की मला तुझं चांगलं काही आठवतच नाही. वडूजच्या स्टँडवर गाडी लागत होती, अजून थांबलीही नव्हती, आणि तू खिडकीतून तुझा लष्करातला पट्टेरी टॉवेल आत फेकलास. एका जाड्या मामांनी तो उचलून बाजूला सारला. तू दारातल्या गर्दीतून ओरडलास, “मामा, टावेल बसलाय न्हवं तितं? मानूस मागनं येतंय!” मामा मुकाट्यानं सरकले. मला तिथं बसवलंस आणि विट्यापर्यंत स्वतः दांडी धरून उभा राहिलास. शेजारच्या बाईला म्हणालास, “डाक्टरीण हाय आमची. जरा सरकून बसा.” अजून माझा फॉर्मसुद्धा भरून झाला नव्हता. त्या दिवसाचा तू मला फार आवडतोस.

पण तू तेवढाच नव्हतास. लष्करातून परत आलास तो हुकूम करायची सवय घेऊनच आलास. बटाट्यावर मावा दिसला की बाटलीवरच्या मापाच्या दुप्पट औषध पंपात. मी म्हटलं, “दादा, माप लिहिलंय ना त्यावर?” तर म्हणालास, “माप दुबळ्यांसाठी असतंय.” आणि हात कोपरापर्यंत बादलीत घालून ढवळलंस. वहिनीनं काठी पुढं केली तर तिच्याकडं असं बघितलंस की तिनं ती मागं घेतली. तुझ्या त्या बघण्याला घरात सगळीच भीत होतो. आईसुद्धा.

तू गेलास त्याच्या आधीच्या दिवाळीला मी घरी आले होते. पाठीवरचा पंप जुना, बूड पाझरायचं, पट्टे खांद्यात रुतायचे. तुझ्या पाठीची सालपटं निघाली होती. वहिनी रोज हळद लावायची, तू रोज शिव्या घालायचास. मी नुकतीच शरीररचनेची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालेली. मला वाटलं, आपण काहीतरी डोकं चालवावं.

दांडीवर तुझी घोंगडी होती. वहिनीच्या बापानं लग्नात दिलेली, माणच्या धनगराकडून खास विणून घेतलेली. काळीभोर, काठाला पांढरी रेघ, चिंचोक्याची खळ पिऊन इतकी कडक की उभी केली तर उभी राहील. मी तिची चौघडी केली, तुझ्या पाठीवर ठेवली, वर पंप चढवला आणि पट्टे आवळले. विचारलं, “आता टोचतंय का?”

“न्हाई गं. आत्ता कशी डाक्टरीण शोभलीस.”

केवढी खूश झाले होते मी. पंपातून जे पाझरेल ते ही घोंगडी पिणार, आणि ते दिवसभर तुझ्या पाठीला लागून राहणार, हे कळायला काय मोठी विद्या लागते? मला कळलं नाही. घडी मी घातली, दादा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात पंपाचं झाकण निसटलं. तू वाकलास आणि सगळं औषध मानेवरून पाठीवर. तेव्हाच विहिरीवर जाऊन अंग धुतलं असतंस तर? पण दोन सऱ्या राहिल्या होत्या ना. तू तसाच मारत राहिलास. तिसऱ्या प्रहरी बांधाला पडलेला सापडलास. तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी, अंगभर घाम आणि बाहुल्या मोहरीएवढ्या. वडूजला पहिलं इंजेक्शन दिलं. तिथून साताऱ्याचा रस्ता जवळ होता. आई म्हणाली, “माजी सुमी सांगलीला हाय. तितंच न्या.” आणि थंडी म्हणून जीपमध्ये तुला त्याच घोंगडीत गुंडाळलं.

तू वाचलास, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुला ॲट्रोपिनवर ठेवलं. धोतऱ्याच्या झाडात असतं ते. थोड्या थोड्या वेळानं सुई, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, तोंड सुकेपर्यंत. तोंड सुकलं तसा तू बरळायला लागलास. हवेतलं काहीबाही चिमटीत धरायचास, भिंतीला परेडचे हुकूम सोडायचास. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाधलंय ह्येला कायतरी.” मी तिला ऐटीत सांगितलं की ही औषधाची खूण आहे, चांगली आहे. वॉर्डातल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला ते आवडत होतं.

सिस्टरनं तुला साबणानं दोनदा पुसून काढलं आणि कपड्यांचं बोचकं आईच्या हातात दिलं. “आजी, अंगावरचं, अंगाखालचं सगळं धुवायचं. एकही सोडायचं नाही.” आईनं धुतलं की. दवाखान्याच्या नळावर बसून सदरा, चड्डी, टॉवेल, स्वतःचं लुगडंसुद्धा, हात सोलवटेपर्यंत धुतलं. आणि घोंगडी झटकून कुंपणाच्या भिंतीवर उन्हात टाकली.

घोंगडीला पाणी लावत नाहीत. खळ जाते, अंग जातं, मग ती चिंधी होते. घोंगडीला ऊन दाखवतात. हे आईला जसं ठाऊक तसंच मलाही. मी कॉलेजातून येता-जाता ती भिंतीवर पाहिली आणि मला बरं वाटलं, घरचं काहीतरी दिसलं म्हणून. सिस्टरच्या ‘सगळं’मध्ये घोंगडीही येते, हे मला सुचलंच नाही. आई दोन रात्री त्या घोंगडीवर बसून होती. तिला मळमळत होतं, डोळे चुरचुरत होते, डोकं धरलं होतं. मी म्हटलं, जागरण. पोराची काळजी. डॉक्टर होणारी पोरगी समोर उभी, आणि दोन बोटांनी आईची पापणी वर करून बघावं एवढं तिच्याच्यानं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर होतास. सुया आता लांब लांब अंतरानं देत होते. सकाळी आमचा तास झाला होता रिसेप्टरवर, आणि मी वही छातीशी धरून तशीच वॉर्डात आले, तुला कधी एकदा सांगीन असं झालेलं. तू म्हणालास, “सुमे, अंग शिरशिरतंय.” आईनं लगबगीनं भिंतीवरची घोंगडी आणली. उन्हानं चांगली तापली होती. तिनं ती तुझ्यावर टाकली, आणि मी चारी बाजूंनी खोचली. मानेखाली, बगलेखाली, पायाखाली. खोचता खोचता तुला शिकवत होते.

“शरीरात जागोजागी बसायच्या जागा असतात, दादा. अजून कुणी डोळ्यांनी बघितल्या नाहीत, पण आहेत. नसेतून एक रस येतो आणि त्या जागेवर बसतो. तो बसला की लाळ सुटते, घाम येतो, छातीतल्या नळ्या आवळतात. काम झालं की त्याला उठवणारा एक असतो. तू जे मारत होतास ना शेतात, त्यानं त्या उठवणाऱ्याचेच हात बांधले. बसलेले उठेनात, मागून नवे येतच राहिले.”

“मंग हे इंजेक्शन त्या इषाला मारतंय व्हय?”

“नाही. ते काहीच करत नाही. नुसतं जागा धरून बसतं, दुसऱ्याला बसू देत नाही. तू वडूजला टॉवेल टाकलास तसं.”

तू हसलास. तीन दिवसांत पहिल्यांदा. “आन गर्दी लय झाली तर? त्या मामागत कुनी टावेल उचलून बसलं तर?”

“तर पुन्हा टॉवेल टाकायचा.”

“किती टावेल हाईत गं तुमच्याकडं?”

आमच्या सरांनीसुद्धा इतका नेमका प्रश्न कधी विचारला नसेल. शिकला असतास तर तू माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर झाला असतास, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

एवढ्यात वहिनी आली. पहिल्या गाडीनं डबा घेऊन, मऊ भात आणि लसणाची फोडणी दिलेली कढी. आल्या आल्या तिचं लक्ष घोंगडीकडं गेलं. म्हणाली, “आत्याबाई, ही घोंगडी काडा की. वास मारतीया.”

आईनं तिला झिडकारलं. “तुज्या बापाची हाय म्हनून बोलतीस व्हय? गारठलाय त्यो. चार घास घाल त्याच्या तोंडात.”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. घरात शिकलेली मी एकटी. दादा, मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, “असू द्या वहिनी, ऊन खाल्लेली आहे.” वास मलाही आला होता, लसणासारखा. मला वाटलं, कढीचा आहे.

तिनं तुला भरवलं. तू खाल्लंस. मी प्रॅक्टिकलला गेले.

दोन तासांनी मला बोलवायला माणूस आला. तू भिजला होतास. तोंडातून धार लागलेली, बाहुल्या पुन्हा मोहरीएवढ्या, छातीत शिट्ट्या. डॉक्टर सुयांवर सुया देत होते. लाळ थांबली, शिट्ट्या कमी झाल्या. पण दंडाचे, बरगड्यांचे स्नायू कातडीखाली थरथरत राहिले आणि मग थकून थांबले. त्या स्नायूंच्या जागा वेगळ्या असतात. हे औषध तिथं बसतच नाही, कितीही ओतलं तरी. हे आमच्या पुढच्या धड्यात होतं, मी अजून वाचलं नव्हतं. चार वाजता तू गेलास.

घोंगडी कुणीतरी पायाशी लोटली होती. मी ती उचलून घडी घालायला लागले, सवयीनं. तळव्यांना वास लागला. तोच लसणासारखा, आणि खाली रॉकेलसारखा. कढीचा डबा केव्हाच विसळून ठेवलेला होता. मी तिथंच थांबले.

नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी हा माणूस चांगला होता. मध्ये काही नवं झालं का? काही दिलं होतं का त्याला?”

घोंगडी माझ्या हातात होती. मी म्हणाले, “घरचा डबा आला होता. वहिनीनं भरवला.”

यातला एक शब्दही खोटा नाही. म्हणूनच तो इतका उपयोगी पडला. त्या वेळी मला सगळं कळलं होतं का? अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळू नये म्हणून मी ते वाक्य घाईघाईनं बोलले. आई दाराशी उभी होती. तिनं ऐकलं.

पुढचं तू पाहिलं नाहीस, तुझी सुटका झाली. पंचनाम्यात फवारणीतली विषबाधा असंच आलं. पण गावात कागद कोण वाचतो? चार घास खाल्ले आणि तासा-दोन तासांत माणूस गेला. आणि त्याच आठवड्यात तू तिला विहिरीवर सगळ्या बायकांदेखत थोबाडीत मारली होतीस. दोन्ही जोडायला कितीसा वेळ लागतो? दहाव्याच्या आत आई अंगणात उभी राहून ओरडली, “मारलंस गं माज्या लेकाला. एका थपडीचा एवढा डूख धरलास?” वहिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं, वॉर्डात बघितलं होतं तसंच. मी शेणानं सारवलेल्या जमिनीकडं बघत राहिले. तेराव्यानंतर तिचा भाऊ येऊन तिला दहिवडीकडं घेऊन गेला. गळ्यात काही नाही, हातात एक गाठोडं. तिकडंही ती बातमी तिच्याआधी पोचली होती.

मी स्वतःला सांगत आले की आईसाठी गप्प आहे. तिला कळलं की पोराच्या अंगावर तिनंच आपल्या हातानं ते टाकलं, तर ती जगेल का? असं म्हटलं की मला माझं गप्प राहणं मोठ्या मनाचं वाटायचं. खरं एवढंच आहे की आईचं नाव निघालं असतं तर पाठोपाठ माझं निघालं असतं. घडी कुणी घातली, खोचली कुणी, असू द्या कोण म्हणालं. आईच्या आड लपायला मला बरं पडलं. आणि पेशंट का तपासत नाही म्हणून कुणी विचारलं की मी म्हणते, मला शिकवायची आवड आहे.

आता वहिनीचं पत्र. मला वाटलं होतं की कधीतरी ती मला शिव्या देईल, मी त्याची वाट बघत होते. तिनं हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

“वन्सं, तुमी डाक्टर झालासा आसं कळलं. बरं वाटलं. मला येकच इचारायचं हाय. त्या सोमवारी मी ती घोंगडी धुवाया इहिरीवर न्हेली हुती. लय वास मारत हुती आन ह्येंच्या पाटीवर फोड उटलं हुतं. ह्येंनी बघितलं आन हातातनं वडून घेतली. घोंगडीला पानी लावतीस व्हय म्हून मारलं. मी मार खाऊन गप बसले. आता मला वाटतं, आनकी मार खाल्ला आस्ता पर धुवाया पायजे हुती. तुमी शिकल्याली हायसा. मी धुतली आस्ती तर त्ये वाचलं आस्तं का? व्हय आसंल तर व्हय लिवा. मी आईकून घीन.”

दादा, ऐकतोस का? पाच वर्षं सारं गाव तिला खुनी म्हणतंय, आणि ती बाई माझ्याकडं न्याय मागत नाही. आपण धुतली नाही म्हणून आपण दोषी आहोत का, एवढंच विचारते. पुस्तक न वाचता जे तिला कळलं ते मला तळव्याला वास लागल्यावर कळलं, तुला मरूनही कळलं नसेल.

तू मारलंस ते यासाठी? मला वाटत होतं, काहीतरी भांडण असेल. मीही गावासारखीच त्या थोबाडीकडं पुरावा म्हणून बघत होते, आणि ती तुला वाचवायला निघाली होती. खळ जाईल म्हणून मारलंस. एका घोंगडीचा कडकपणा जाईल म्हणून. बायकांदेखत मारलंस, त्यामुळं साक्षीदारही मिळाले तिच्याविरुद्ध. तू गेलास याचं मला दुःख आहे, पण आज पहिल्यांदा वाटलं की तू जिवंत असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते. असं मेलेल्या माणसाला लिहू नये म्हणतात. मी लिहिते आहे.

आणि माझं काय? तुला त्या दिवशी एवढ्या ऐटीत सांगितलं ना मी, काही न करता जागा धरून बसणाऱ्या औषधाबद्दल? पाच वर्षं मी तेच केलं आहे. खरं जिथं येऊन बसायचं ती जागा मी अडवून ठेवली. हललेही नाही, बोललेही नाही.

आणि ती घोंगडी? आईनं ती ट्रंकेत ठेवली आहे. न धुता. तुझा वास आहे म्हणते तिला. दरवर्षी तुझ्या तिथीला बाहेर काढते, नाकाशी धरते, ऊन दाखवते आणि घडी घालून परत ठेवते. मी गेल्या वर्षी तिथं होते. मला म्हणाली, “बघ की, आजून वास हाय त्याचा.” मी वाकून वास घेतला आणि म्हणाले, “व्हय आई.” तो वास तुझा नव्हता. तो काय होता हे मी मुलांना शिकवते.

वहिनीला मी उत्तर लिहिणार नाही. ‘होय’ हा शब्द कागदावर घालून तिच्या घरी पाठवायचा आणि आपण इथं सशाचं आतडं धूत बसायचं, एवढी नीच मी अजून झालेले नाही. तिला ‘होय’ सांगायचंच आहे. धुतली असती तर तिची चिंधी झाली असती, ती पंपाखालीही आली नसती आणि तुझ्या अंगावरही; तू वाचला असतास. पण तोंडावर सांगीन, आणि पाठोपाठ तिला कुणी धुवू दिली नाही त्या सगळ्यांची नावं घेईन. पहिलं तुझं, शेवटचं माझं.

तुला शब्द देते. रविवारी सकाळच्या गाडीनं दहिवडीला जाईन. वहिनीला घेऊन परतीच्या गाडीला खिडकीतून टॉवेल टाकीन, दोघींची जागा धरीन, आणि कुणी उचलला तर तुझ्यासारखी ओरडेन. आईपुढं बसून सगळं सांगीन. अंगणात, दार उघडं ठेवून, म्हणजे शेजारपाजारही ऐकतील, तिनं वहिनीला काढलं तेव्हा ऐकलं होतं तसं. आई ते सोसेल की नाही मला माहीत नाही. तिला ते सांगणं हा निर्दयपणा आहे, आणि तो मी करणार आहे. पाच वर्षं तो वहिनीच्या एकटीच्या वाट्याला आला, आता सगळ्यांत वाटला जाऊ दे. पेटली तर आईनं मला चुलीतल्या लाकडानं मारावं. मी मागं सरणार नाही.

मग ट्रंक उघडीन. परसात खड्डा खणून, हातांत रबरी मोजे घालून, मोठ्या घमेल्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेईन. आई रडेल, म्हणेल, माझ्या लेकाचा वास जाईल. जाऊ दे म्हणेन. मी आणि हौसा वहिनी, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, तुझी घोंगडी धुऊ. पाणी खड्ड्यात सोडू, नवं घेऊ, पुन्हा सोडू. खळ निघून ती चिंधी होईपर्यंत.

तुझी,
सुमन